चौथा अर्ज

मुलुंड पूर्वेच्या सुखछाया सोसायटीत कुणाकडे कसलं पत्र आलं, हे ते उघडायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असायचं. पोस्टमन सगळं टपाल तळमजल्यावर धोंडिराम सावंतांच्या हातात देऊन पुढे जायचा. सावंत सोसायटीचे चेअरमन असल्यामुळे ते आपल्या पदाला जागून प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघायचे आणि मगच वर पाठवायचे. त्यामुळे श्यामकांत ताम्हाणेला अहमदाबादच्या मॅनेजमेंटच्या संस्थेने तिसऱ्यांदा नकार दिला, ही बातमी त्याला सर्वांत शेवटी कळली. पाकीट पातळ होतं. घेतलेल्या मुलांना जाड पाकीट येतं, त्यात फीचे आणि होस्टेलचे कागद असतात, एवढं शिक्षण श्यामकांतने तीन वर्षांत सगळ्या बिल्डिंगला दिलं होतं.

श्यामकांत सव्वीस वर्षांचा होता. इंजिनिअर होता, विक्रोळीला रंगाच्या कंपनीत बरी नोकरी होती, साहेब खूश होते. दुसरा कोणी असता तर मजेत राहिला असता. पण ह्याचं सगळं आयुष्य एका वाक्यावर अडलं होतं, "अहमदाबाद झाल्यावर बघू." घरातल्या भिंतींचे पोपडे पडत होते आणि रंगाच्या कंपनीतला हा माणूस अहमदाबाद झाल्यावर रंग काढणार होता. कंपनीने नाशिकच्या कारखान्यात बढती देऊ केली, ती ह्याने नाकारली, कारण अहमदाबादेला जाणारा माणूस नाशिकला कशाला उतरेल? त्याची आई, मृणालिनीबाई, साध्या बाई होत्या. त्यांनी नवीन कपाट घ्यायचं म्हटलं की हा आईला समजावायचा, की मी परत आल्यावर आपण हे घरच बदलू. त्या बिचाऱ्या तीन वर्षं साड्या ट्रंकेत ठेवत होत्या.

आणि ह्याच वाक्यावर तिसऱ्या मजल्यावरची क्षमा टिपणीसही अडली होती. दोघांचं जमलंय हे दोन्ही घरांना माहीत होतं, कुणाची हरकत नव्हती, फक्त तारीख धरायची होती. क्षमा ठाण्याला विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. हुशार होती, बोलायला चोख होती, आणि तरीही तिचा श्यामकांतवर विश्वास होता. शहाण्या मुलींनाही असं काहीतरी असतंच.

तिसरं पातळ पाकीट आलं त्या आठवड्यात तिचे वडील, शरच्चंद्र टिपणीस, खाली आले आणि ताम्हाण्यांच्या दारातच उभे राहून बोलले.

"श्यामकांत, मी काही वाईट माणूस नाही. पण पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. तोपर्यंत काय ते ठरव. नंतर मी तिच्यासाठी दुसरीकडे बघायला मोकळा."

"काका, एप्रिलमध्ये चौथा इंटरव्ह्यू असेल. अक्षय्य तृतीयेच्या आत रिझल्ट येतो."

"मी पंचांग बघून बोलतोय. तुझ्या अहमदाबादेचं वेळापत्रक तू बघ."

दुसरा कोणी घाबरला असता. श्यामकांतने हे डेडलाइन म्हणून मनात नोंदवलं आणि तो घाटकोपरला मधुकर सरांच्या क्लासला गेला.

मधुकर सरांचा क्लास एका फरसाणवाल्याच्या दुकानावर होता. तिथे ग्रुप डिस्कशन आणि इंटरव्ह्यू शिकवत, आणि खालून कढईचा वास येत असल्यामुळे सगळी चर्चा भुकेल्या पोटी चाले. सर स्वतः तीन शहरांतल्या संस्थांकडून मिळून पाच वेळा नाकारले गेले होते. नकार ह्या विषयात त्यांच्याइतका अनुभवी माणूस अख्ख्या उपनगरात नव्हता, आणि पोरं त्यासाठीच त्यांच्याकडे जात.

"गेल्या वेळी नेमकं काय विचारलं रे?" सरांनी विचारलं.

"म्हणाले, आधी दोनदा तुम्हाला घेतलं नाही. मग ह्या वर्षात तुम्ही नवीन काय केलंत?"

"मग तू?"

"म्हटलं, व्होकॅब्युलरी वाढवली."

सरांनी डोळे मिटून घेतले. "वाट लावलीस यार. परत येणाऱ्या माणसाला ते एकच गोष्ट विचारतात. वर्षभरात बदललं काय? आणि तू वर्षभर त्यांचीच तयारी करत बसतोस. तुझ्यात लीडरशिप दिसत नाही."

"ती आणायची कुठून?"

"सोसायटीत राहतोस ना? सेक्रेटरी हो."

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला काही लागत नाही. सुखछायात तर रीतच होती, की वार्षिक सभेला जो गैरहजर असेल त्याला एकमताने सेक्रेटरी करायचं. आधीचे सेक्रेटरी सभेच्या दिवशी भाचीच्या बारशाला कर्जतला गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या दारावर पाटी लागली होती. म्हणून सभेच्या दिवशी ताप असला तरी लोक गोधडी पांघरून खाली येऊन बसत.

त्या श्रावणात सभेला सगळेच हजर होते आणि आता कुणाला पकडायचं ह्या पेचात मंडळी पडली होती. तेवढ्यात श्यामकांत उठून म्हणाला, "मला व्हायचंय."

सोसायटी उभी राहिल्यापासून हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ह्याला गच्चीवर खोली बांधायची असेल, असं पहिल्या मजल्याला वाटलं. ह्याच्या नोकरीचं काहीतरी बिनसलंय, असं दुसऱ्याला वाटलं. शेवटी सावंतांनी, ह्याचा विचार बदलायच्या आत, टाळ्या वाजवून टाकल्या. फॉर्मवर 'नेतृत्वाचा अनुभव' ह्या रकान्यात तीन वर्षं शाळेतल्या मॉनिटरपदावर भागवणाऱ्या श्यामकांतने त्या रात्री पहिल्यांदा तिथे दुसरं काही लिहिलं.

आता सेक्रेटरी झाला म्हणजे काहीतरी करून दाखवणं आलं. करण्यासारखी गोष्ट समोरच होती. सुखछायाच्या तिसऱ्या मजल्याला पाणी मिळत नसे. गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप खाली उतरायचा. खालच्या लोकांनी सकाळी नळ सोडले की टाकीच्या सर्वांत जवळ असलेला तिसरा मजलाच कोरडा राहायचा. तिथल्या लोकांना तळमजल्यावरच्या नळावरून बादल्या भरून न्याव्या लागत. टाकीतून तिसऱ्या मजल्याला वेगळा पाइप दिला की प्रश्न मिटणार होता. हे सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. पण त्यासाठी प्लंबरला बोलवावं लागतं, आणि प्लंबरला बोलवणं हे सेक्रेटरीचं काम.

श्यामकांतने दसऱ्यानंतर सभा बोलावली. फळा आणला, खडूने पाइप काढले, खर्च सांगितला. चहा येईपर्यंत सगळ्यांनी हो म्हणून टाकलं. तळमजल्याचं काही जात नव्हतं, त्यांचाही होकार होता. काशीराम प्लंबरला दिवाळी झाल्यावर सामान घेऊन ये म्हणून सांगितलं. क्षमा त्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा हसून म्हणाली, "झकास काम केलंस. आई तर तुझी दृष्ट काढणार म्हणते." श्यामकांतला खरंच बरं वाटलं. तो तसाच घाटकोपरला गेला.

"आणि विरोध कुणी केला?" मधुकर सरांनी विचारलं.

"कुणीच नाही सर. सगळ्यांना पटलं."

"मग तू केलंस काय? जे सगळ्यांनाच हवं होतं ते झालं. पॅनेल विचारणार, अडचण काय आली, कोण आडवं आलं, त्याला कसं वळवलंस. तू काय सांगणार, चहा आला?"

श्यामकांतचा चेहरा उतरला.

"आणि दुसरं," सर म्हणाले, "दिवाळीत झालेलं काम एप्रिलमध्ये शिळं. इंटरव्ह्यूच्या आधी महिनाभरात झालं पाहिजे. ताजं पाहिजे. बघ बाबा. चौथी वेळ आहे तुझी."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काशीराम पाइप आणि पान्हे घेऊन हजर झाला. श्यामकांतने त्याला फाटकातच गाठून परत पाठवलं. "टेक्निकल प्रॉब्लेम आलाय. सांगतो मी नंतर," म्हणाला. काशीरामला दुसरीही कामं होती, तो गेला. आणि मग श्यामकांत तळमजल्यावर सावंतांच्या घरी गेला.

धोंडिराम सावंत सावंतवाडीकडचे. परळच्या गिरणीत जॉबर होते. दोनशे माणसं त्यांच्या शब्दाखाली असत. संपात गिरणी बंद पडली, मस्कतला गेलेल्या मुलाच्या पैशावर मुलुंडला जागा घेतली, आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. म्हणून तर ते टपाल तपासत. श्यामकांत आत येऊन बसला तेव्हा त्यांना आनंदच झाला.

"काका, एक विनंती होती. तुम्ही जरा विरोध करा ना."

"कोणाक?"

"मला. पाइपला."

"पण पायपाक माजी काय एक हरकत नाय."

"माहीत आहे. तरी करा. माझ्या अहमदाबादसाठी लागतोय."

सावंतांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा करतोय का, हे त्यांनी ताडून बघितलं. थट्टा नव्हती.

"किती दिवस करूचो?"

"फेब्रुवारीपर्यंत. मग मी तुम्हाला समजावणार आणि तुम्ही समजून घ्यायचं."

"बरां," सावंत म्हणाले. आणि हातात काम आलेल्या माणसासारखे ताठ बसले.

श्यामकांतला वाटलं होतं, सावंत एका सभेत थोडं कुरकुरतील. पण जॉबरकी केलेला माणूस अर्धवट काम करत नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर खडूने ठळक लिहिलेलं होतं, 'वर पाणी चढणार, खाली ओल उतरणार'. पाइपासाठी भिंत फोडली की तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओल येणार, हे सावंतांनी घरोघरी जाऊन सांगितलं. चार दिवसांत तळमजल्याला ओल दिसायला लागली. पहिल्या मजल्यालाही आपल्यावर आजवर अन्याय झाला आहे हे आठवलं, फक्त नेमका कोणता ते आठवेना. डिसेंबरच्या सभेत चहाचे कप आपटले गेले. ज्यांनी ऑक्टोबरात हात वर केले होते तेच लोक मनापासून भांडत होते, आणि श्यामकांत फळ्यापाशी उभा राहून त्यांच्यावर मनातल्या मनात खूश होत होता. त्याची लेखी परीक्षाही झकास गेली.

तिसरा मजला बादल्या वाहत राहिला. टिपणिसांच्या घरी वडिलांचं हृदय अशक्त, आईचे गुडघे गेलेले, म्हणजे वाहणारी एकच. क्षमा रोज ऑफिसला जायच्या आधी खालून वर बादल्या न्यायची, पदर खोचून, दोन्ही हातांत एकेक. श्यामकांत कामावर निघताना ती जिन्यात भेटायची.

"काय रे, सावंत काकांचं काही जमतंय का?"

"प्रोसेस चालू आहे. विरोध फार आहे गं."

"मी बोलू का त्यांच्याशी? माझं ऐकतील ते."

"नको, नको," श्यामकांत घाईने म्हणायचा. "हे मलाच करू दे."

तिला हे आवडायचं. आपल्यासाठी हा एवढा भांडतोय असं तिला वाटायचं. एकदा त्याने तिच्या हातातली बादली घेतली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत नेली. मग त्याला उशीर होत होता. खरं सांगायचं तर त्याला त्या सकाळी स्वतःची लाज वाटली. दिवसभर वाटत राहिली. संध्याकाळी त्याने फळ्यावर 'विरोध हाताळण्याच्या चार पायऱ्या' लिहून काढल्या, तेव्हा कुठे कमी झाली.

जानेवारीत क्षमा ओल्या पायरीवरून घसरली. उजव्या हाताचं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. तिच्या ऑफिसात खात्याची परीक्षा होती. पास झाली असती तर साहेब झाली असती, आणि तिने वर्षभर त्यासाठी गुपचूप अभ्यास केला होता. तिने ह्याचा कधी गाजावाजा केला नव्हता. अहमदाबादवाल्याच्या शेजारी राहून आपल्या खात्याच्या परीक्षेचं काय कौतुक सांगायचं? प्लास्टरमधल्या हाताने पेपर लिहिता येत नाही, म्हणून परीक्षा बुडाली.

"पुढच्या वर्षी देईन," ती म्हणाली.

"हो ना," तिच्याजवळ बसलेला श्यामकांत म्हणाला. "तुमची काय, दरवर्षी असतेच."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विषय बदलला. हाताला प्लास्टर असताना पाणी कोण आणत होतं? टिपणीस आणत होते, एकेक तांब्या आणि छोटी कळशी, प्रत्येक मजल्यावर थांबून छातीवर हात ठेवत. हे पाहून श्यामकांत सावंतांकडे निघाला, खरंच निघाला, त्यांच्या दारापर्यंत गेला. पण मग त्याच्या मनात आलं, की आता थांबलो तर इतके महिने केलेलं सगळं फुकट. क्षमाचा हातही फुकट जाईल. एवढं तिने सोसलंय, त्याचं चीज व्हायलाच पाहिजे. स्वतःच्या लबाडीला इतकं भलं नाव देता येणं हीसुद्धा एक हुशारी असते, आणि ती ह्याच्याकडे पहिल्यापासून होती.

मार्चमध्ये इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. आता विरोध संपवायला हरकत नव्हती. श्यामकांत उड्या मारत सावंतांकडे गेला तर दाराला कुलूप. सावंत शिमग्याला गावी गेले होते. कोकणातला माणूस नोकरी सोडील, शिमगा सोडणार नाही. पालखी घरोघर फिरून देवळात परत जाईपर्यंत ते मुंबईला येणार नव्हते, आणि त्यांच्यामागे पुढारी नसल्यामुळे विरोधकांना माघारही घेता येत नव्हती. त्यांच्याशिवाय आम्ही कसं हो म्हणणार, असं पहिला मजला म्हणाला. तिसऱ्या मजल्याने आणखी पंधरवडाभर पाणी वाहिलं. प्लास्टर निघालं होतं, तेव्हा क्षमाने डाव्या हाताने वाहिलं.

पाडव्याच्या तोंडावर सावंत परतले. ठरल्याप्रमाणे सभा झाली. श्यामकांतने चार पायऱ्यांनी त्यांना समजावलं, ते तिसऱ्या पायरीलाच समजले, आणि त्यांनी भर सभेत त्याला मिठी मारली. काशीरामने दोन दिवसांत पाइप बसवला. टिपणिसांच्या स्वयंपाकघरात नळाला पाणी आलं तेव्हा क्षमाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी श्यामकांतची खरोखर दृष्ट काढली. तो पाटावर मान खाली घालून बसला. बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

इंटरव्ह्यू फोर्टात झाला. समोर तिघे होते. त्यांनी विचारलंच, तीनदा नाकारल्यावर ह्या वर्षी नवीन काय? आणि श्यामकांतने सुखछायाचा पाइप असा काही सांगितला, की तिघेही पुढे सरकून बसले. जुनाट विचारांचा चेअरमन, भडकलेला तळमजला, नोटीस बोर्डावरच्या घोषणा, चार पायऱ्या, मिठी. त्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने मध्येच विचारलं, "इतके महिने त्या वरच्या लोकांनी पाण्याचं काय केलं?"

"ते भागवत होते, सर," श्यामकांत म्हणाला.

चार वर्षांत हे एकच उत्तर त्याने पाठ केलेलं नव्हतं, आणि ते सर्वांत सहज आलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

एप्रिल संपता संपता पाकीट आलं. सावंतांना ते उजेडात धरायचीही गरज पडली नाही. "जाड आसा," असं त्यांनी फाटकातूनच ओरडून सांगितलं. मृणालिनीबाई देवापुढे रडल्या. टिपणिसांनी पंचांग मिटलं. रिझल्ट वेळेत आला होता, शब्द तो शब्द. अक्षय्य तृतीयेला सकाळी साखरपुडा, आणि आदल्या संध्याकाळी सोसायटीतर्फे सेक्रेटरींचा सत्कार, असं ठरलं.

कंपाउंडात खुर्च्या मांडल्या, माइक आणला, फोटोवाला बोलावला. श्यामकांतला शाल आणि नारळ दिला. मधुकर सर घाटकोपरहून पाहुणे म्हणून आले होते आणि आपल्या क्लासची पत्रकं वाटत होते. क्षमा नवी निळी साडी नेसून पेढ्यांचं ताट फिरवत होती. उजवं मनगट अजून भरून आलं नव्हतं, म्हणून ताट तिने डाव्या हातावर तोललं होतं. श्यामकांतने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, सगळं झालं. आता बघू म्हणायला काही उरलं नाही.

मग अध्यक्षीय भाषणासाठी सावंत उठले. ते आज भारी खुशीत होते.

"मंडळी, आज माका लय आनंद झालो. ह्यो पोरगो पास झालो, त्यात अर्धे मार्क माजे. कसे म्हणशात, तर सांगतंय." त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "दिवाळीत ह्यो माझ्याकडे इलो आणि म्हणता, काका, तुमी माका विरोध करा. मी म्हटलंय, कित्याक रे बाबा, पायप तर माका मान्य आसा. तर म्हणता, विरोध नाय तर अहमदाबाद नाय. मग मी केलंय. असो केलंय, की गिरणीतसुद्धा कधी केलो नाय. ह्याका म्हणतत डोक्या. आमच्यासारख्यांका जमाचा नाय."

मंडळी खो खो हसली. पहिला मजला सर्वांत मोठ्याने हसला, कारण आपणही फसलो हे दिसू द्यायचं नव्हतं. टिपणीसही हसायला लागले होते, मग अर्ध्यावर थांबले.

क्षमा ताट घेऊन दुसऱ्या रांगेपाशी उभी होती. तिने तिथूनच विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"काका, म्हणजे पाइप दिवाळीतच बसणार होता?"

"होय गो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काशीराम सामान घेऊन इलेलो. ह्यानच परत धाडल्यान."

तिने ताट खुर्चीवर ठेवलं. कुणीतरी तिथून एक पेढा उचलला. ती जिन्याकडे गेली, आणि श्यामकांत शाल सावरत तिच्या मागे धावला. तिसऱ्या मजल्यावर तिच्या दारापाशी त्याने तिला गाठलं.

"क्षमा, ऐक. ह्यात तीन मुद्दे आहेत," तो म्हणाला. चार वर्षांची सवय होती, दुसरं काही तोंडात आलंच नाही. मग आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळलं.

ती वळली. रडत नव्हती.

"माझ्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा तू रोज संध्याकाळी येऊन बसायचास. एकदा तरी सांगावंसं वाटलं?"

"वाटलं. शप्पत वाटलं."

"मग?"

"म्हटलं, इंटरव्ह्यू झाल्यावर सांगू."

"झाला की. मग?"

"म्हटलं, रिझल्ट लागल्यावर."

"तोही लागला." ती त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे बघत होती. "बाबा छातीवर हात ठेवून कळशी आणत होते श्याम. तू त्यांना जिन्यात वाट करून द्यायचास."

ती आपल्याला किती हवी आहे हे त्याला त्या क्षणी जेवढं कळलं, तेवढं चार वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि कळून आता उपयोग नव्हता, हेही तेव्हाच कळलं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "फार चुकलो."

"हो. उद्याचं राहू दे. बाबांना मी सांगते."

"क्षमा, दोन वर्षांत येतो मी परत. आल्यावर तुला पुन्हा विचारीन."

तिने लॅच उघडलं आणि आत पाऊल टाकलं.

"विचार ना," ती म्हणाली. "नकार घ्यायची तुला सवय आहेच."

दार लागलं. खाली माइकवरून त्याच्या नावाचा पुकारा चालला होता. फोटोसाठी सगळे थांबले होते.